वजाबाकीचा वेग, भागाकाराचा वेग : चिपी–दिल्ली उड्डाणातलं एक प्रकरण

सिंधुदुर्गातल्या चिपीहून दिल्लीला निघालेलं विमान साताऱ्याच्या आसपास, ३१,८०० फुटांवर, वेगमर्यादा ओलांडल्याचा इशारा देऊ लागलं. त्यानंतर दीड मिनिटाच्या आत तेच विमान वेग कमी पडल्यामुळे स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि सावरेपर्यंत सुमारे साडेआठ हजार फूट खाली आलं. विमान संगणकावरचं होतं आणि वैमानिक होता कुडाळच्या घरात माडीवर बसलेला माझा भाचा, त्यामुळे नुकसान झालं ते त्याच्या तोऱ्याचं. पण प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे. इशारा वाजायला लागला तेव्हा स्पीड टेपवर, म्हणजे वेग दाखवणाऱ्या पट्टीवर, बरोबर ३०० नॉट होते (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि या विमानाची वेगमर्यादा आहे ३४० नॉट. आकडा चाळीसने कमी, तरी मर्यादा ओलांडलेली.

सिम्युलेटरवर प्रवासी विमान उडवायला शिकणारे बरेचजण इथे एकदा तरी अडकतात. उत्तर म्हणून त्यांना सांगितलं जातं, ‘वर गेलं की मॅक बघायचा’, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत आपला वेग किती ते. सल्ला बरोबर आहे. पण का बघायचा हे कळलेलं नसलं की माणूस मॅक बघायला लागतो आणि मग उतरताना तोच आकडा धरून बसतो.

आधीची सवय

भाचा पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. चतुर्थीच्या सुट्टीत घरी आला की माडीवरचा संगणक त्याच्या ताब्यात असतो. विमान बोइंग ७३७-८०० च्या धर्तीवर कुणीतरी हौसेने तयार केलेलं, फुकट मिळालेलं. दिसायला देखणं आणि उडायलाही बरं, पण आतली यंत्रणा अर्धीमुर्धी.

त्याचा आवडता मार्ग चिपी ते मुंबई. साहजिकच आहे. परुळ्याजवळच्या सड्यावरचा हा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तेव्हा हा शाळेत होता, आणि अंगणातून विमान दिसायला लागलं त्याच वर्षी त्याला हे वेड लागलं. धावपट्टी अडीच हजार मीटर लांब, ७३७ ला पुरेशी. एका बाजूला जांभ्याचा उघडा कातळ, पलीकडे समुद्र. उड्डाण केलं की उजव्या हाताला सह्याद्री, डाव्या हाताला मालवण, देवगड, रत्नागिरी असा किनारा मुंबईपर्यंत सोबतीला.

या मार्गाची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे, ती म्हणजे त्याचं अंतर. चिपी–मुंबई हवाई अंतर १९० सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३५० किलोमीटर. एवढ्याशा अंतरात खूप वर जाण्यात अर्थ नसतो; चढलं की उतरायला लागायचं. त्यामुळे तो २४ हजार किंवा फार तर २६ हजार फुटांवर जायचा. दहा हजारांपर्यंत २५० नॉट, त्यानंतर ऑटोपायलटच्या वेगाच्या खिडकीत ३०० लावायचे आणि उतरायला लागेपर्यंत त्या आकड्याला हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी सगळं सुरळीत.

सुरळीत होणारच. २४ हजार फुटांवर ३०० नॉट म्हणजे मॅक ०.७०, २६ हजारांवर ०.७३. या विमानाची मॅकची मर्यादा ०.८२ आहे. तिच्या जवळपासही तो कधी गेला नव्हता. मर्यादा दोन आहेत हे त्याने वाचलं होतं, पण किनाऱ्यावरच्या त्या छोट्या उड्डाणांत दुसरीशी त्याची गाठच पडली नव्हती.

त्या संध्याकाळी

चिपी–दिल्ली हे त्याचं पहिलं लांबचं उड्डाण. अंतर ७८० सागरी मैलांच्या घरात, दिशा उत्तरेहून किंचित पूर्वेला, म्हणून विषम पातळी (पूर्वेकडे जाणाऱ्यांना हजारांत विषम उंची, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम). त्याने ३५ हजार ठरवली. टाक्या भरलेल्या, विमान जड. उड्डाण, चाकं आत, फ्लॅप आत, दहा हजारांनंतर खिडकीत ३००. चढण्यासाठी त्याने व्हर्टिकल स्पीड हा मोड घेतला होता, म्हणजे ‘मिनिटाला इतके फूट चढ’ असं विमानाला सांगायचं आणि वेग राखण्याचं काम इंजिनांचा जोर आपोआप कमीजास्त करणाऱ्या ऑटोथ्रॉटलवर सोपवायचं. वर जाता जाता आकडा कमी करत करत त्याने तो बाराशेवर आणला होता.

खऱ्या ७३७ मध्ये किंवा एअरबसमध्ये ठरावीक उंचीनंतर वेगाच्या खिडकीतला आकडा नॉटमधून मॅकमध्ये आपोआप बदलतो, आणि हाताने बदलायलाही बटण असतं. या विमानात बटण होतं, आपोआप बदलण्याची सोय नव्हती. बटण त्याने कधी दाबलेलं नव्हतं.

रेकॉर्डिंग आम्ही नंतर सावकाश पाहिलं. स्पीड टेप म्हणजे पडद्याच्या डाव्या कडेची उभी पट्टी. मधोमध चालू वेगाचा आकडा, आणि वरच्या टोकाला लाल-काळ्या चौकटींची कड, जिच्या आत शिरायचं नाही. २४ हजारांच्या सुमारास ती कड ३४० वर होती. २६ हजारांच्या पुढे ती खाली सरकायला लागली. ३३०, ३२५, ३२०. मधला आकडा ३०० वर जागचा हलत नव्हता. कडच त्याच्याकडे उतरत होती. टेपच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात मॅक दाखवलेला असतो, तो दर काही सेकंदांनी एकेक पायरी वर चढत होता. २९,३०० ला ०.७८. ३१,००० ला ०.८१ ला टेकलेला. भाचा त्या वेळी खिडकीतून कृष्णेचं पात्र शोधत होता.

३१,८०० ला कड ३०० ला येऊन भिडली आणि क्लॅकर सुरू झाला. ७३७ चा हा आवाज कुणी लाकडी ठोकळे आपटत सुटल्यासारखा असतो, आणि वेग खाली येईपर्यंत तो बंद करता येत नाही.

“मामा, स्पीड तीनशेच आसा मां! मगे ह्यां आराडता कित्याक?”

मी खाली चहा पीत होतो. वर पोचेपर्यंत प्रकरण पुढच्या अंकात गेलं होतं.

एक वजाबाकी, एक भागाकार

विमानाला वेग कळतो तो दाबावरून. नाकाजवळ पुढे तोंड करून बसवलेली पिटॉट नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते. अंगावरच्या बारीक भोकांतून भोवतालच्या हवेचा नुसता दाब मिळतो, तो स्थिर दाब. हाती एवढेच दोन आकडे. स्पीड टेपवरचा वेगही यांच्यावरूनच निघतो आणि मॅकही यांच्यावरूनच. मॅक म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किती पट, आणि ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो, म्हणून मॅक काढायला थर्मामीटर लागत असेल असं वाटतं. लागत नाही.

फरक आहे तो गणिताच्या क्रियेत. टेपवरचा नॉटमधला वेग ही वजाबाकी आहे : नळीतला दाब वजा स्थिर दाब. मॅक हा भागाकार आहे : तीच वजाबाकी भागिले स्थिर दाब. दोन्हींवर पुढे थोडं सूत्र चालवावं लागतं, पण गाभा हाच.

आता भाच्याचं उड्डाण या नजरेने पाहू. ३०० नॉट म्हणजे सुमारे १५४ हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) फरक. ऑटोथ्रॉटलने हा फरक इमानाने राखला. त्याला तेवढंच सांगितलं होतं. २४ हजार फुटांवर स्थिर दाब ३९३ हेक्टोपास्कल. १५४ भागिले ३९३, म्हणजे ०.३९. मॅकच्या भाषेत हा ०.७०. विमान चढत गेलं, स्थिर दाब उतरत गेला. ३१,८०० फुटांवर तो २७७ झाला. वरचा १५४ तोच, भागाकार आता ०.५५५, आणि मॅक ०.८२. अंश जागच्या जागी, छेद लहान होत चाललेला. कुठेतरी मर्यादा येणारच होती.

मर्यादा तरी दोन का? कारण विमानाला त्रासही दोन वेगवेगळे होतात. खाली दाट हवेत भीती असते ती पंख, शेपूट, दारं यांच्यावर येणाऱ्या दाबाची. तिथे वजाबाकी मोजायची. मर्यादा ३४० नॉट. वर विरळ हवेत दाब कमीच असतो, पण पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा विमानापेक्षा जोरात धावते. विमान ०.७८ ला असताना तिथे काही भागात ती ध्वनीच्याही पुढे गेलेली असते. याहून पुढे रेटलं की पाठीवरचा आघाततरंग जोर धरतो, त्याच्यामागे प्रवाह सुटायला लागतो, पंख थरथरतो, आणि उचलीचं केंद्र मागे सरकून नाक खाली जाऊ पाहतं. इथे भागाकार मोजायचा, मर्यादा ०.८२. या विमानासाठी दोन्ही मर्यादा एकमेकींना भेटतात सुमारे २६ हजार फुटांवर, आणि टेपवरची कड नेमकी तिथूनच खाली सरकायला लागली होती. एअरबस ए-३२० ची नॉटमधली मर्यादा ३५०, मॅकची ०.८२, तिथे ही भेट २४,६०० च्या आसपास होते.

कोकणातल्या माणसाला हे नवं वाटायला नको. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक लागलं की गाडी तीच, इंजिन तेच, मर्यादा मात्र दुसरी, कारण भीती दुसऱ्या गोष्टीची असते.

मर्यादांची भेट एका उंचीवर होते, तशीच आपण ठरवलेल्या दोन वेगांचीही होते. चढताना ३०० नॉट आणि पुढे मॅक ०.७८ असा बेत असेल तर हे दोन्ही आकडे २९,३०० फुटांवर एकच असतात. तिथपर्यंत ३०० धरायचे, तिथून पुढे ०.७८. बेत २८० आणि ०.७८ चा असेल तर हीच उंची ३२,५०० होते. म्हणजे जितका कमी नॉट धराल तितकं उशिरा बदलायचं.

उकाडा आणि वारा

भाच्याने आधी दोष उकाड्यावर ढकलला. “आपल्याकडे तीस अंश, पुस्तकातली हवा पंधरा अंशांची. म्हणून सगळं लवकर झालं.”

तर्क वाईट नाही. पुस्तकातलं प्रमाण वातावरण समुद्रसपाटीला १५ अंश धरतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तीस हजार फुटांवरची हवासुद्धा त्या प्रमाणापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असते. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. त्यात तापमान कुठेच आलेलं नाही. वजाबाकीत दोन दाब, भागाकारात तेच दोन दाब. उंची दाखवणारा आल्टिमीटरही दाबावरच चालतो. म्हणून त्याच्यावरच्या २९,३०० फुटांना ३०० नॉट आणि ०.७८ यांची गाठ पडते ती मे महिन्यातही आणि जानेवारीतही, वेंगुर्ल्यावरही आणि लेहवरही.

तापमानाने बदलतो तो खरा वेग, म्हणजे भोवतालच्या हवेतून विमान प्रत्यक्ष किती धावतं. ध्वनीचा वेग नॉटमध्ये हवा असेल तर केल्व्हिनमधल्या तापमानाचं वर्गमूळ काढून त्याला ३९ ने गुणायचं. १५ अंशांना तो सुमारे ६६१ येतो, उणे ५६.५ ला ५७४. २९,३०० फुटांवर प्रमाण हवेत ०.७८ म्हणजे ४६१ नॉट; हवा तेरा अंशांनी गरम असेल तर तोच ०.७८ म्हणजे ४७४. विमान दिल्लीला थोडं आधी पोचेल, क्लॅकर आधी वाजणार नाही. गरम हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो आणि चढण मंदावते, तो वेगळा भाग.

दुसरा संशय वाऱ्यावर गेला. हा संशय मी सहसा हलक्यात काढत नाही. सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष हवामान लावलं की कधी कधी वारा एका क्षणात पंधरा-वीस नॉटने बदलतो, आणि मग बिनचूक उडणाऱ्याचाही वेग मर्यादेच्या पलीकडे उडी मारतो. खऱ्या हवेतही जेट प्रवाहाच्या कडेला असं होतं. पण रेकॉर्डिंगमध्ये वारा शेवटपर्यंत सारखा होता, आणि टेपवरचा वेगही ३०० वरून हललेला नव्हता. वाऱ्याने झालं असतं तर आधी तो आकडा उडाला असता. वेग मर्यादेकडे गेला की मर्यादा वेगाकडे आली, हे अशा वेळी आधी बघावं. निम्मं निदान तिथेच होतं.

इशाऱ्यानंतरची ऐंशी सेकंदं

खरा घोळ इथे झाला. मॅक ०.८२ ला टेकणं ही सुधारता येण्याजोगी गोष्ट आहे. सिम्युलेटरमध्येही आणि खऱ्या विमानातही मर्यादेपलीकडे थोडा पदर ठेवलेला असतो. क्लॅकर वाजला म्हणून लगेच पंख मोडत नाही.

आवाजाने गांगरून भाच्याने ऑटोथ्रॉटल तोडला आणि दोन्ही थ्रॉटल पार मागे ओढले. क्लॅकर बंद झाला. तो थांबला म्हणजे प्रश्न सुटला अशा समजुतीत तो माउस घेऊन सेटिंगमध्ये शिरला, मर्यादेचा आकडा कुठे चुकीचा भरलाय का ते शोधायला. ऑटोपायलट मात्र चालूच होता, आणि त्याच्याकडे हुकूम होता मिनिटाला बाराशे फूट चढण्याचा.

इंजिनं थंड, आणि चढायचं तर आहे. ऑटोपायलटने चढण राखली, वेग विकून. सेकंदाला एक नॉटपेक्षा थोडा जास्त असा वेग उतरत गेला. २८०, २६०, २४०. टेपच्या खालच्या अंगाला पिवळी कड असते, सुरक्षितपणे वळण घेण्याइतका वेग कुठे संपतो ते दाखवणारी. आकडा तिच्यात शिरला तरी पडद्यावर सेटिंगचीच खिडकी उघडी होती. ३३,४०० ला स्टिक शेकर, म्हणजे स्टॉल जवळ आल्याचा इशारा, धडधडायला लागला. ऑटोपायलट सुटला. उंची हातची जाईल या भीतीने भाच्याने जॉयस्टिक मागे खेचली, आणि जे थरथरणं होतं त्याचा पुरता स्टॉल झाला. मी माडीवर पोचलो तेव्हा विमान ढगातून पोटावर पडत होतं आणि नाक आकाशाकडे होतं.

“नाक खाली घाल. पुढे ढकल.”

“मामा, खाली डोंगर आसत!”

“डोंगर पाच हजारांवर आहेत, तू तीस हजारांवर आहेस. ढकल.”

ढकललं, वेग आला, मग थ्रॉटल पुढे, मग हळूहळू सरळ. २५ हजारांवर विमान हातात आलं.

ही साखळी सिम्युलेटरपुरती नाही. १६ ऑगस्ट २००५ ला वेस्ट कॅरिबियनचं ७०८ क्रमांकाचं एमडी-८२ विमान व्हेनेझुएलात कोसळलं आणि त्यातले १६० च्या १६० जण गेले. ३३ हजार फुटांवर विमानाच्या वजनाला ती उंची झेपत नव्हती, ऑटोपायलट उंची राखत राहिला आणि वेग घटत गेला. पुढे स्टॉल झाल्यावरही नाक वरच ठेवलं गेलं. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं एअरबस ए-३३० अटलांटिकवर गेलं, २२८ जणांसह. तिथे सुरुवात वेगळी होती. पिटॉट नळ्यांत बर्फाचे कण अडकून वेगाचे आकडेच बेभरवशाचे झाले होते. पण शेवटाकडे तेच, स्टॉल आणि मागे ओढलेली स्टिक. त्यानंतरच्या प्रशिक्षणात स्टॉलमध्ये उंची वाचवण्यापेक्षा आधी पंखाचा हवेशी होणारा कोन कमी करण्यावर, म्हणजे नाक खाली घेण्यावर, सगळा भर आला.

भाच्याच्या बाबतीत काय करायला हवं होतं? क्लॅकर वाजला त्या क्षणी विमान चढत होतं आणि मर्यादा खाली येत होती. मर्यादा खाली येण्याचं कारणच चढणं. व्हर्टिकल स्पीड शून्यावर आणला असता तर ती जागच्या जागी थांबली असती. खिडकीतला वेग ३०० वरून २८० केला असता तर ऑटोथ्रॉटलने स्वतःच जोर बेताने कमी करून मॅक ०.७८ च्या आत आणला असता. घाई वाटली तर स्पीडब्रेक, म्हणजे वेग मारायला पंखावर उघडणाऱ्या फळ्या, थोडे उघडता येतात. ऑटोपायलट चालू, ऑटोथ्रॉटल चालू, थ्रॉटलला हात नाही. आणि डोळे टेपवर. टेपवर वेगाच्या आकड्याला चिकटून एक बाण असतो, येत्या दहा सेकंदांत वेग कुठे जाईल ते दाखवणारा. तो बाण खाली लांब व्हायला लागला की जोर परत द्यायचा. ऐंशी सेकंद तो बाण खालीच बोट दाखवत होता.

व्हर्टिकल स्पीडचा मोड उंचावर चढायला वापरू नये, या मताचा मी आधीपासून आहे. तो मोड चढणीला आधी मान देतो; वेग उरला तर उरला. लेव्हल चेंजसारखा मोड नाकाने वेग राखतो : जोर कमी पडला तर चढण मंदावेल, वेग जाणार नाही. भाच्याचं म्हणणं, व्हर्टिकल स्पीडमध्ये विमान कसं गुळगुळीत चढतं. चढतं खरं.

उतरण

दुसऱ्या दिवशी तोच मार्ग, तेवढंच वजन. यावेळी लेव्हल चेंज, आणि २९ हजार ओलांडले की हात बटणावर. खिडकीत ३०० च्या जागी ०.७८ आलं. पुढे ३५ हजारांपर्यंत मॅक हलला नाही आणि टेपवरचा आकडा आपसूक उतरत २६४ वर येऊन थांबला. कड २७९ वर. आदल्या दिवशी हाच उतरणारा आकडा दिसला असता तर वेग कमी पडतोय म्हणून त्याने थ्रॉटल पुढे सारला असता, हे त्याने स्वतःच सांगितलं.

दिल्लीच्या निम्म्या वाटेवर त्याने विचारलं, “मगे उतरताना उलटा होतला?”

प्रश्न विचारून तो थांबला नाही, वहीत गणित मांडलं. ०.७८ ला भागाकार ०.४९५ असतो. ३४० नॉट म्हणजे सुमारे २०० हेक्टोपास्कलचा फरक. २०० भागिले ०.४९५, म्हणजे स्थिर दाब ४०४ च्या आसपास होईल तिथे ०.७८ धरून उतरणारं विमान ३४० ला भिडेल. ४०४ चा दाब असतो २३,३०० फुटांच्या सुमारास.

परतीच्या उड्डाणात त्याने मुद्दाम ते करून पाहिलं. परतीला दिशा दक्षिणेहून किंचित पश्चिमेला, म्हणून सम पातळी, ३६ हजार. वाईच्या आसपास उतरायला लागला, ०.७८ तसाच ठेवून. टेपवरचा आकडा आता उलटा धावत होता : २८० पार, ३०० पार, ३२०. बारीक अक्षरातला मॅक ढिम्म. लाल-काळी कड ३४० वर येऊन टेकली होती आणि यावेळी वेग तिच्याकडे चढत होता. २३ हजारांवर अजून काही शे फूट असताना क्लॅकर वाजला. गडी हसला. यावेळी थ्रॉटलला हात न लावता त्याने बटण दाबून खिडकी नॉटमध्ये आणली, २८० लावले आणि स्पीडब्रेक बेताने उघडले. विमान नाक किंचित वर घेऊन शांत झालं. कोल्हापूर मागे पडलं, घाट ओलांडला, आणि डावीकडे रांगणा कुठे दिसतो का ते शोधत चिपीला उतरला.

रीतसर उतरायचं तर ०.७८ धरून निघायचं आणि २८० चा बेत असेल तर ३२,५०० च्या आसपास नॉटवर यायचं. चढतानाचीच गाठ, उलट्या बाजूने. त्याच्या विमानात हे आपोआप होणार नाही, म्हणून मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर त्याने पेनाने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत : ‘चढताना ३००, २९ नंतर मॅक. उतरताना मॅक, ३२ नंतर २८०.’

या विमानाकडून जे शिकता येणार नाही तेही सांगायला हवं. ०.८२ च्या पुढे रेटल्यावर नाक खाली ओढलं जातं, ते यात होत नाही. खऱ्या ७३७ मध्ये त्यासाठी मॅक ट्रिम नावाची वेगळी यंत्रणा असते, जी साधारण ०.६ च्या पुढे कामाला लागते. यात यंत्रणाही नाही आणि आजारही नाही. क्लॅकर सोडला तर ०.८५ लाही विमान लोण्यासारखं चालतं. तेव्हा ‘मी ०.८५ ला उडवलंय, काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर तो विमानाबद्दल बोलत नसतो, फाईलबद्दल बोलत असतो.

पुढचं उड्डाण

आता त्याला ३९ हजारांवर जायचंय. ७३७-८०० ला ४१ हजारांपर्यंत परवानगी आहे, हा त्याचा मुद्दा. आम्ही पुन्हा टेप मांडून बसलो. ३९ हजारांवर ०.७८ म्हणजे २४१ नॉट, आणि ०.८२ ची कड २५५ ला. वर उरले चौदा. भरल्या टाक्यांच्या वजनाला पिवळी कड त्याच्या विमानात २३० च्या आसपास येते, म्हणजे खाली अकरा. एवढ्या फटीत सरळ उडता येतं, पण वळताना पंखावर भार वाढतो आणि पिवळी कड वर येते. वारा जरा हलला तर कुठली तरी एक कड लागणारच. ३५ हजारांवर तीच पिवळी कड थोडी खाली असते आणि वेग २६४. खाली तीसहून जास्त, वर पंधरा.

परवानगीचा आकडा विमानाच्या सांगाड्याला असतो. त्या दिवशी किती वर जायचं ते वजन ठरवतं. निघताना ३५ हजार, आणि इंधन जळून विमान हलकं झालं की भोपाळच्या पुढे ३७ चा विचार, यावर तडजोड झाली. ३७ हजारांवर २५२ आणि कड २६७. एवढ्याशा टप्प्यासाठी वर जाऊन इंधन कितीसं वाचणार, याचा हिशेब त्याने अजून मांडलेला नाही.